तुझा तक्ता आणि बाबांची गाडी

८ फेब्रुवारी

चिरंजीवास आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या पाठोपाठ तक्रार.

तक्रार तुझीही आहे आणि तुझ्या बाबांचीही, पण ते घरात आहेत, त्यांना रोज ऐकवता येतं, म्हणून आज तुझी पाळी. वर्ष होत आलं, तू घरी आलेला नाहीस. फोन बाबांनी उचलला तर तू बंद करतोस. मी उचलला तर हे खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतात, रेडिओ लावतात, आणि त्याचा आवाज इतका बारीक ठेवतात की तुझा शब्दन्‌शब्द ऐकू यावा. मग मी 'हो', 'नाही', 'जेवलास का' एवढंच बोलू शकते. म्हणून हे पत्र. दुकानात बसून लिहिते आहे. मधेच गिऱ्हाईक आलं तर त्याच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून परत येते, तेव्हा अक्षर बदललेलं दिसलं तर घाबरू नकोस.

आपली गाडी बसली. म्हणजे चढावर बसली, भर रस्त्यात, मागे दहा गाड्या भोंगे वाजवत असताना. गिअरबॉक्स गेला. तुझे बाबा तिला अजून 'भरवशाची' म्हणतात. कसला भरवसा? किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, क्लच दोनदा दाबायचा, दार वर उचलून ओढायचं, दुसऱ्या गिअरला हळूच फसवायचं. हे सगळं केलं तर ती चालते, आणि फक्त ह्यांच्याच हातानं चालते. माझा परवाना कधीपासून पाकिटात पडून आहे. मी बसले की ती जागची हलत नाही. मी तसं म्हटलं की ह्यांना कोण आनंद होतो!

आता तो सुटा भाग कुठेच मिळत नाही. जन्मभर गॅरेज चालवलेल्या माणसानं सगळ्या ओळखी काढून पाहिल्या. गाडी तर हवीच. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तुझ्या आत्याला गुडघ्याच्या व्यायामासाठी न्यावं लागतं. ह्यांनी काय शोधून काढलं असेल? तेच मॉडेल, एकोणीस वर्षांचं, 'एकाच मालकानं जपलेलं'. मला पाचसहा वर्षांची चालेल, पण जरा अलीकडची हवी. बिनक्लचची. मला चालवता येईल अशी.

तू गाड्यांचा टिकाऊपणा तपासायचा पगार घेतोस. तुझ्या कंपनीत एक यंत्र दिवसभर गाडीचं दार उघडतं आणि मिटतं, हे मी शेजारणीला अभिमानानं सांगते आणि तिला ते पटत नाही. तर सांग मला, जुनी घ्यावी की नवी? बाबांना कळणार नाही कुणी सांगितलं ते. आणि व्याख्यान नको, उत्तर हवं.

तुझी आई

२१ फेब्रुवारी

चि. तज्ज्ञ,

व्याख्यान नको म्हटलं तर तू आठ पानांचा तक्ता पाठवलास. तुम्ही बापलेक एकाच मातीचे आहात, आणि ती माती मला आयुष्यभर पायांना लागली आहे. एका बाजूला जुनी मॉडेलं, दुसऱ्या बाजूला नवी, मधे इंजिन, गिअरबॉक्स, गंज, वायरिंग, सेन्सर, आणि शेवटी 'वापरावर अवलंबून'. 'वापरावर अवलंबून' हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं का रे?

तरी वाचला. नुसता वाचला नाही, मोठ्यानं वाचला. बाबांनी विचारलं, काय वाचतेस, तर मी म्हटलं, मासिकातला लेख आहे. "वाच मोठ्यानं," म्हणाले, "माझा चष्मा तुझ्या दुकानात राहिलाय." चष्मेवालीचा नवरा आणि ह्यांचा चष्मा कायम दुसरीकडे. वर्तमानपत्रही हल्ली मीच वाचून दाखवते, भाजी चिरत.

जुन्या गाड्यांबद्दल तू लिहिलं आहेस ते मला पटलं. लोक म्हणतात जुन्या गाड्या फार टिकायच्या, कारण रस्त्यावर त्यांना टिकलेल्याच दिसतात. ज्या टिकल्या नाहीत त्या कधीच भंगारात गेल्या, त्यांची आठवण कोण काढतो? तेवढं वाचल्यावर हे उसळले. "भंगारात गेल्या त्या लोकांनी मारल्या म्हणून गेल्या. तेल बदलायचं नाही, पाणी बघायचं नाही. जुनी गाडी बिघडायच्या आधी महिनाभर कुरकुरते. ऐकणारा कान हवा. आणि तुझ्या लेखातली नवी? ती शेवटपर्यंत हसत राहते आणि एक दिवस दिवा लावून बसते. मग तिचा संगणक उघडायला दुसरा संगणक आणा!"

"पण गंज?" मी विचारलं. "लेखात लिहिलंय की जुनीचा पत्रा आतून सडतो, वरून रंग छान. आणि अपघात झाला तर नवीत हवेच्या पिशव्या तरी आहेत."

"अपघात करायचाच कशाला?"

तुझे बाबा असे भांडतात. ज्या मुद्द्याला उत्तर नाही त्याला प्रश्न.

पाचवं पान वाचून झालं तशी हे जरा थांबले आणि म्हणाले, "हे त्याचंच आहे. 'सरासरी' हा शब्द एवढ्या वेळा दुसरं कोण वापरणार?" मला वाटलं आता उठून जातील. तर म्हणाले, "पुढचं वाच." मी आठही पानं वाचली. मधे दोनदा 'बरोबर आहे' म्हणाले. तू इथे असतास तर मेले तरी म्हणाले नसते.

तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, पोरगं गेल्या वर्षी तुमच्यासाठी गाडी घेऊन आलं, चार वर्षांची, इतकी छान, किल्ली हातात धरून दारात उभं राहिलं आणि तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. सरळ गाडीकडे गेलात, बॉनेट उघडलंत आणि म्हणालात हे खेळणं परत घेऊन जा. मी तेव्हा दुकानात होते. दोघांकडून दोन गोष्टी ऐकल्या आणि दोन्हींत मला तुम्ही दोघंही गाढव दिसता. हे म्हणाले, "चहा ठेव."

चहा ठेवला. काय करणार?

आई

६ मार्च

चि.,

आज गाड्या बघून आलो. माझं डोकं ठणकतंय, पण मन मोकळं केल्याशिवाय झोप लागायची नाही.

तुझी आत्याही बरोबर होती. हल्ली वन्सं आमच्याबरोबर सगळीकडे असतात, आणि नेहमी पुढच्या सीटवर. मागे बसलं की त्यांना मळमळतं म्हणे. बसतात ते बसतात, तोंडाला विश्रांती नाही. "लाल झाला रे. हिरवा झाला. ती बघ डावीकडून सायकल आली. अग बाई, किती मोठा खड्डा!" रस्ताभर. मी मागे पिशवी मांडीवर घेऊन बसते आणि दात आवळते. एकदा न राहवून म्हटलं, वन्सं, त्यांना दिसतंय. तर म्हणाल्या, "मला सवय आहे गं बोलायची." आज मेकॅनिकनं दिलेली उसनी गाडी होती, तीही जुनीच, तरी तेच.

आधी एकोणीस वर्षांची बघितली. मालकीण म्हणजे निवृत्त संगीतशिक्षिका, गाडीवर पांढरी चादर घातलेली. तुझ्या बाबांनी इंजिन चालू करायला सांगितलं, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाशी लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग बोटांनी दारांच्या खालच्या कडा चाचपल्या, टायर चाचपले. उठून म्हणाले, "आवाज छान आहे." मी वाकून खालून बघितलं तर मागच्या चाकाच्या वर तळहाताएवढं भोक! पत्रा पापुद्र्यासारखा सुटत होता. तुझ्या तक्त्याप्रमाणेच. मी म्हटलं, हे बघा. हे म्हणाले, "एवढंतेवढं चालायचंच." ज्या माणसानं गिऱ्हाइकांना नखाएवढ्या गंजावरून झापलं, तो हे बोलतो!

मग सहा वर्षांची. विक्रेता पोरगेला होता, बोलायला गोड. गाडी मला बघताक्षणी आवडली. तुझ्या तक्त्यातले सगळे प्रश्न मी विचारले: गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, सर्व्हिस कुठे झाली, बॅटरी किती जुनी. पोरगा गडबडला पण उत्तरं बरी दिली. मग म्हणाला, "काका, चालवून बघा ना. काही नाही, सगळं स्क्रीनवर दिसतं."

हे बसले. स्क्रीन उजळला. विक्रेता म्हणाला, "तिथे बघा, किती किलोमीटर झालेत ते." हे म्हणाले, "तूच सांग." तो म्हणाला, "समोरच आहे काका." तेवढ्यावरून ह्यांचा पारा असा चढला की काय सांगू. गाडी आहे की सिनेमा, आकडे दाखवून लोकांना फसवता, आमच्या काळी काटा होता, काटा! दार आपटून बाहेर. त्या बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. वन्सं पुढच्या सीटवर बसून खाली मान घालून पदराशी खेळत होत्या. एरवी बोलतात, आणि आता तोंडात मूग!

घरी येताना मी नुसती खिडकीबाहेर बघत होते. ह्यांनीच विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "नाही, सरासरी आहे." वन्सं हसल्या. हे नाही हसले.

मला तुम्हा दोघांचा वीट आला आहे, खरंच. तू तिकडून तक्ते पाठवतोस, हे इकडे दारं आपटतात, आणि मधल्या मधे मला दुकानात बसनं जावं लागतं.

आई

१४ मार्च

बाळा,

आज गिऱ्हाईक आलं तरी उठणार नाही. दुकानाचं दार लावून बसले आहे.

बाबांचा परवाना संपत आला होता. नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला लागतो. डॉक्टरांकडे पाठवण्याआधी मी नेहमी त्यांचा नंबर बघते. मागच्या दोन्ही वेळी त्यांनी अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला होता, आणि मी आल्यागेल्याला सांगत होते की ह्यांच्या वयाचा एक माणूस दाखवा असा. तो तक्ता तुला आठवतच असेल. लहानपणी त्याच्याखाली बसून गृहपाठ करायचास. त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसून हे रोज संध्याकाळी माझ्याकडचा चहा पितात. किती वर्षं, कोण मोजतो!

काल काचा विकणाऱ्या कंपनीचा माणूस नवा तक्ता देऊन गेला, आतून दिवा लागणारा. जुना पिवळा पडला होता. मी तो काढून काउंटरमागे ठेवला आणि नवा टांगला. संध्याकाळी हे पुन्हा त्या उसन्या गाडीतून वन्संना घेऊन मला न्यायला आले. वन्सं बाकावर टेकल्या. मी म्हटलं, बसा, आत्ताच बघून टाकते. एक डोळा झाकला. हे लगेच सुरू. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. झरझर. शेवटची ओळ तर नेहमीपेक्षा जलद.

बाळा, नव्या तक्त्यावर अक्षरंच नाहीत. आकडे आहेत. समोर आकडे उजळलेले, आणि हे अक्षरं वाचत होते.

माझ्या हातातली काच तशीच राहिली. मी काही बोलायच्या आत वन्संच्या तोंडून निघून गेलं, "अरे, आकडे आहेत ते, आकडे!"

मी वन्संकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आणि मला ते सगळं लाल झाला रे, हिरवा झाला रे, डावीकडून सायकल आली, एकदम ऐकू आलं. मळमळ कसली नि काय कसलं. माझ्या नवऱ्याचे डोळे पुढच्या सीटवर बसून बडबडत होते आणि मी मागे बसून दात आवळत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीडएक वर्ष झालं असेल," वन्सं म्हणाल्या. "मधलंच दिसत नाही त्याला. कडेचं दिसतं. तसा तो सावकाश चालवतो गं."

मी त्या दोघांना काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या दुकानातला शिंपी कात्री घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं चोर शिरला. मी म्हटलं, रस्त्यावर पोरं असतात, म्हातारी माणसं असतात, एखाद्याच्या अंगावर घातली असती म्हणजे? वन्संना म्हटलं, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला तरी कळायला हवं होतं! वन्सं रडायला लागल्या. शेवटी हे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू बंद करायला लावलं असतंस."

"हो, लावलं असतं!"

"म्हणून नाही सांगितलं."

आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं की गाडी कुरकुरते तेव्हा ऐका. स्वतः मात्र एकदाही कुरकुरले नाहीत. मला इतका राग आला आहे, बाळा, की तो कुठे ठेवावा ते कळत नाही. आणि त्या रागाखाली जे आहे ते लिहायला घेतलं तर हे पत्र पुरं होणार नाही.

गाडी दुकानासमोर सोडली. टॅक्सीनं घरी आलो. किल्ली मी माझ्या पाकिटात घातली, त्यांनी ती मागितली नाही.

टॅक्सीत वन्संना डुलकी लागली तेव्हा हे खिडकीकडे तोंड करून बोलले. मी शब्द न बदलता लिहिते. "तो दारात उभा होता ना, उजेड त्याच्या मागे होता. मला कोणीतरी उंच माणूस दिसला, तोंड दिसलं नाही. त्यानं काहीतरी पुढे केलं. मला वाटलं, विक्रेत्याचा माणूस गाडी गळ्यात मारायला आलाय. म्हणून म्हटलं परत घेऊन जा. तो 'बाबा' म्हणून ओरडला तेव्हा कळलं. तोवर सगळं बोलून झालं होतं. मग काय म्हणणार होतो, की तू मला दिसला नाहीस? म्हणून गाडीवरून भांडलो."

गाडीवरून भांडणं त्यांना सोपं गेलं. तुलाही सोपंच गेलं असेल.

आई

२ एप्रिल

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. ह्या वेळी तक्ता नाही, दीडच ओळ, तरी मी ते तीनदा वाचलं.

डॉक्टरांकडचं आधी सांगते. डोळ्याचा पडदा मधोमध झिजला आहे. गेलं ते परत येणार नाही. सुयांनी उरलेलं धरून ठेवता येईल. सुई डोळ्यात, हे ऐकून वन्सं खोलीबाहेर गेल्या, हे मात्र बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, "आधी यायला हवं होतं." मी म्हटलं, "डॉक्टर, हे वाक्य मी ह्यांना रोज ऐकवते, तुम्ही त्रास घेऊ नका."

परवाना त्यांनी स्वतःच्या हातानं परत केला. मी बरोबर होते. बाहेर आल्यावर बराच वेळ पायरीवर उभे राहिले. मी घाई केली नाही.

आपली जुनी गाडी संगीतशिक्षिकाबाईंना दिली. त्यांच्या गाडीचा पत्रा वाईट आणि गिअरबॉक्स चांगला, आपल्या गाडीचा गिअरबॉक्स गेलेला आणि पत्रा चांगला. दोघी मिळून एक चालेल असं ह्यांनीच सुचवलं. बाई तयार झाल्या. तुझ्या तक्त्यात अशी सोय नव्हती.

आणि सहा वर्षांची मी घेतली. पोरगेल्या विक्रेत्यानं मला बघून आधी आडोसा शोधला. मग हे एकटेच त्याच्याकडे गेले आणि त्याची माफी मागितली, मी स्वतः पाहिलं. चालवते मीच. शेजारी हे बसतात, मागे वन्सं, आणि मागे बसून त्यांना अजिबात मळमळत नाही. तोंड मात्र थांबत नाही. आता मला सांगतात, लाल झाला गं. मी म्हणते, दिसतंय वन्सं.

बाबांनी पहिल्याच दिवशी कान लावून जाहीर केलं की उजव्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, घळघळ ऐकू येते. फसवलं आपल्याला, नव्या गाड्यांचं हेच. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. मी गाडी सर्व्हिसला नेली. तिथे कळलं, सीटखाली वन्संची पाण्याची बाटली लोळत होती. परत येताना मी इतकी हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. हेही हसले, डोळे पुसत. त्या दिवशी म्हणाले, "त्याला विचार, दहा वर्षं टिकेल का ही." मी म्हटलं, तुम्हीच विचारा. "येणार आहे का तो?" असं विचारलं त्यांनी, आणि लगेच रेडिओ लावला. ह्या वेळी मोठ्यानं.

तर ये. गाडीबद्दल वाद घालायला ये, आठ पानं घेऊन ये, माझी हरकत नाही. मी तुला हे सगळं लिहिलं, ते त्यांना मी सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. त्यांना स्वतः सांगू दे. एवढी एक गोष्ट त्यांच्या हातात राहू दे.

फक्त एक कर. संध्याकाळी आलास तर उजेड तुझ्या मागे असेल. दारात किल्ली धरून, हसू दाबून गप्प उभा राहू नकोस, ते तुझ्याकडे बघतील म्हणून वाट बघू नकोस. फाटक उघडल्यापासूनच बोलायला लाग, काहीही बोल. चपला काढताना मोठ्यानं म्हण, बाबा, मी आलोय.

आई